पंप बदलूनही स्टिअरिंग घुमतंय? दुसरा पंप घेण्याआधी सक्शनची बाजू तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहा चाकी ट्रक, पॉवर स्टिअरिंगचा पंप नुकताच नवा टाकला. तरीही स्टिअरिंग फिरवलं की घुंघुं आवाज येतो, टाकीत फेस होतो आणि इंजिन बंद केलं की झाकणातून ऑइल बाहेर येतं. बाहेर कुठेच गळती दिसत नाही. गाडी सोलापूर-हैदराबाद चालते आणि कांद्याच्या दिवसांत मार्केट यार्डात फेऱ्या असतात. मिस्त्री म्हणतात नवा पंपही खराब निघाला, दुसरा टाकू. टाकावा का?

इतक्यात टाकू नका. आवाज पंपातून येतो हे मिस्त्रींचं म्हणणं खरं आहे, पण तेवढ्यावरून दोष पंपातच आहे असं ठरत नाही. घुमणं, फेस आणि इंजिन बंद केल्यावर ऑइल वर येणं ही तिन्ही लक्षणं एकत्र असली की ऑइलमध्ये सुटी हवा आहे एवढं नक्की. ती कुठून येते हे शोधायचं आहे. ते न शोधता आणखी एक पंप टाकलात तर तोही घुमेल आणि काही दिवसांत आतून खराब होईल.

गाडीप्रमाणे काही गोष्टी बदलतात. पंप एअर कॉम्प्रेसरच्या मागे आहे, टायमिंग गिअरवर आहे की पट्ट्यावर, टाकी पंपापासून किती लांब आहे, स्टिअरिंगच्या बॉक्सला (चाकं वळवणाऱ्या गिअरबॉक्सला) हवा काढायचा स्क्रू आहे की नाही, यावर कामाची पद्धत ठरते. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगतो. दाबाचे आणि ऑइलचे आकडे मात्र शेवटी गाडीच्या पुस्तकातले आणि पंप-बॉक्सवरच्या पाटीवरचेच धरायचे.

आधी कारण समजून घ्या, म्हणजे शोधायला सोपं जाईल. टाकीतून पंपापर्यंत ऑइल दाबाने जात नाही, पंप ते ओढून घेतो. ही सक्शनची बाजू. इंजिन चालू असताना त्या पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. पंपातून बॉक्सकडे जाणाऱ्या प्रेशरच्या पाइपाला फट असेल तर ऑइल बाहेर उडतं, चेसिस ओली होते, लगेच दिसतं. सक्शनच्या पाइपाला फट असेल तर ऑइल बाहेर येत नाही, हवा आत ओढली जाते. रसवंतीवर मिळालेली नळी वरच्या टोकाला चिरलेली असली की ग्लासातून थेंबही सांडत नाही, पण तोंडात निम्मी हवाच येते, तसंच हे. म्हणून ‘गळती कुठेच नाही’ एवढ्यावर सक्शनची बाजू निर्दोष ठरत नाही.

हवा मिसळलेलं ऑइल पंपात जास्त दाबाच्या बाजूला पोचलं की बुडबुडे क्षणात चेपून फुटतात. घुंघुं आवाज त्याचाच. ते फुटताना कॅम रिंगच्या (पंपाच्या आतल्या कड्याच्या) गुळगुळीत पृष्ठभागावर बारीक खड्डे पाडतात, मग व्हेन (पंपातल्या फिरत्या पात्या) त्यावरून खडबडत फिरतात आणि दाब पडायला लागतो. चांगला पंप हवेमुळे असा मरतो.

फट नसतानाही बुडबुडे येऊ शकतात, हेही लक्षात असू द्या. खनिज तेलात साध्या दाबाला आकारमानाच्या ८ ते १० टक्के हवा विरघळलेलीच असते. सक्शनचा पाइप आतून चोंदला किंवा ऑइल फार जाड असलं, तर पंपाच्या तोंडाशी दाब इतका खाली जातो की विरघळलेली हवा सुटी होते. म्हणजे शोध दोन गोष्टींचा घ्यायचा: हवा आत येण्याची फट आणि ऑइलला अडवणारा अडथळा.

पहिली तपासणी फुकट आहे. गाडी सपाट जागी उभी करा, चाकं सरळ ठेवा, इंजिन आयडलवर चालू असताना टाकीतली पातळी पाहून खूण करा. इंजिन बंद करा आणि मिनिटभराने पुन्हा पाहा. दाब गेला की आत अडकलेली हवा फुगते आणि ऑइल वर ढकलते. पातळी १ ते २ सेंटीमीटरपर्यंत वर आली तर चालण्यासारखं आहे. त्याहून जास्त येत असेल तर यंत्रणेत हवा आहे. तुमच्याकडे ती झाकणाबाहेर येते, म्हणजे हवा भरपूर आहे. बाहेर आलं म्हणून ऑइल कमी झालं असं समजून वरून ओतत राहिलात तर पुढच्या वेळी आणखी सांडेल.

दुसरी तपासणी काचेच्या बाटलीची. टाकीतलं थोडं ऑइल बाटलीत घ्या आणि तास-दोन तास हलवू नका. वर स्वच्छ झालं तर हवा होती. दुधाळ राहिलं किंवा तळाला थर दिसला तर पाणी आहे. प्रेशरने गाडी धुताना टाकीच्या झाकणातून पाणी शिरतं. पाणी असेल तर हवा काढून उपयोग नाही, सगळं ऑइल बदलावं लागतं. त्याच ऑइलात चुंबक फिरवून पाहा. चमकदार भुकटी चिकटली तर जुन्या पंपाचा चुरा अजून यंत्रणेत फिरतो आहे.

आता ऑइलकडे या. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रकांत स्टिअरिंगला लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल) चालतं. रस्त्यात कमी पडलं म्हणून कोणी हायड्रॉलिक ६८ टाकतं, कोणी इंजिन ऑइल. ही ऑइलं एटीएफपेक्षा बरीच जाड असतात. आवाज पहाटे गाडी सुरू केल्यावर जास्त आणि दहा-पंधरा मिनिटांत कमी होत असेल तर जाड ऑइल किंवा अडलेलं सक्शन हा पहिला संशय. सोलापुरात थंडी काही ऑइल गोठवणारी नसते, त्यामुळे ‘हिवाळ्यामुळे आवाज’ हे कारण योग्य ऑइलच्या बाबतीत पटण्यासारखं नाही. उलट एप्रिल-मेच्या उन्हात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, दुपारनंतरच आवाज वाढत असेल तर ऑइल पातळ झाल्यावर पंपाची आतली झीज उघडी पडते आहे किंवा कडक झालेला ओरिंग (जोडातलं रबरी कडं) जागा सोडतो आहे. ब्रेक ऑइल मात्र चुकूनही टाकू नका, त्याने या यंत्रणेचे रबरी सील फुगतात. गळती थांबवणारी औषधंही सील फुगवूनच काम करतात, त्यांचाही मोह नको.

खरी शोधाशोध टाकी ते पंप या हातभर अंतरात आहे. माझ्या अनुभवात पंप बदलल्यानंतर घुमणाऱ्या गाड्यांचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं, कारण पंप बदलताना नेमका हाच भाग उघडलेला असतो.

टाकीपासून सुरुवात करा. झाकण काढून फिल्टर बाहेर घ्या. तो दाबून धरणारी स्प्रिंग जागेवर आहे का? स्प्रिंग नसेल, किंवा मिळाला तो दुसऱ्या मापाचा फिल्टर बसवला असेल, तर परत येणारं ऑइल फिल्टरमधून न जाता बाजूने उसळतं आणि फेसासकट थेट सक्शनच्या तोंडाशी जातं. पंप बदलताना फिल्टर नवा टाकायचाच, यात काटकसर करू नका. रिटर्नचं ऑइल पातळीच्या वरून धारेसारखं पडत असेल तर तेही हवा घेऊन जातं. टाकी बदललेली असेल तर ती पंपापेक्षा वर बसली आहे ना ते पाहा. झाकणातलं हवेचं छिद्र धुळीने बुजतं, तेही साफ करा.

मग सक्शनचा पाइप. हा पाइप ऑइलचाच हवा. रेडिएटरचा तुकडा कापून लावण्याची सवय फार पसरली आहे आणि ती चुकीची आहे. रेडिएटरच्या पाइपाचं रबर पाण्यासाठी असतं. ऑइलमध्ये ते फुगतं, मऊ पडतं, आतला थर सुटतो आणि इंजिनने रेस घेतली की पाइप आतल्या आत चपटा होतो. बाहेरून मात्र धडधाकट दिसतो. म्हणून इंजिन गरम असताना मदतनिसाला रेस द्यायला सांगा आणि पाइपाकडे नीट बघा. मधे दबतो का? तो काढून एका बाजूने उजेड धरा आणि आत डोकावा, सुटलेली साल दिसेल. कापलेल्या टोकाचं तोंड वेडंवाकडं असेल तर क्लिप कितीही आवळली तरी हवा जाते. पाइप जुना आणि कडक असेल तर नवी क्लिप लावण्यापेक्षा पाइपच बदलावा. क्लिप स्क्रूने आवळायची, चांगल्या रुंदीची घ्या. तारेची वळकटी नको.

पंपाच्या तोंडाशी जो वाकडा नळ असतो त्याचा ओरिंग बहुतेक वेळा विसरतात, किंवा जुना चपटा झालेलाच परत लावतात. तो नवाच हवा, लावण्यापूर्वी त्याच ऑइलमध्ये बुडवून. त्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. टेपचे धागे सुटून पंपात आणि बॉक्सच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतात. एम-सीलही नको, फटीवर लेप लावल्याने आतली जागा बरोबर बसत नाही.

फट नेमकी कुठे आहे हे पकडण्यासाठी इंजिन आयडलवर चालू ठेवून एकेका जोडावर ग्रीसचा जाड लेप लावा. ज्या जोडावर लेप लावताच आवाज बदलतो किंवा टाकीतले बुडबुडे कमी होतात, तो गुन्हेगार. पंख्यापासून हात आणि चिंधी दूर ठेवा. याने कळलं नाही तर टाकी ते पंप पारदर्शक, जाळीदार पाइप तात्पुरता लावा आणि ऑइल थंड असतानाच पाच-दहा मिनिटं चालवून पाहा. या पाइपातूनच बुडबुडे येत असतील तर दोष टाकीत किंवा टाकीच्या बाजूच्या जोडात आहे. इथे ऑइल स्वच्छ असेल पण रिटर्नला पाच-दहा मिनिटांनंतरही फेस येत राहत असेल, तर हवा पंपाशीच शिरते आहे, म्हणजे पंपाच्या तोंडाचा ओरिंग किंवा शाफ्टचा (पंप फिरवणाऱ्या दांड्याचा) सील. हा पाइप लावून गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

शाफ्टच्या सीलबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तो सहज हुलकावणी देतो. पंप गिअरवर किंवा कॉम्प्रेसरच्या मागे बसलेला असेल तर त्याच्या शाफ्टच्या पलीकडे इंजिनचं ऑइल असतं. सील गेला की बाहेर एक थेंब दिसत नाही. स्टिअरिंगचं ऑइल इंजिनमध्ये जातं, किंवा उलट इंजिनमधली हवा आणि काळं ऑइल इकडे येतं. म्हणून इंजिन ऑइलची काठी तपासा. पातळी वाढत असेल किंवा टाकीतलं लाल ऑइल काळपट होत असेल तर सीलच बदलायला हवा. पंप बसवताना कपलिंगवर (शाफ्टला इंजिनशी जोडणाऱ्या भागावर) हातोडी मारून बसवला असेल तर नवा सीलही कापला जातो. एवढंच कारण निघालं तर नवा पंप लागत नाही, सील किटवर काम भागतं, आतले भाग शाबूत असतील तर.

आणखी एक तपासणी: नव्या पंपावरचा फिरण्याच्या दिशेचा बाण आणि लिटरचा आकडा (मिनिटाला किती ऑइल ढकलतो तो) जुन्याशी जुळतो का? उलट दिशेचा पंप ऑइल उचलतच नाही. जास्त लिटरचा पंप त्याच जुन्या अरुंद सक्शनमधून ओढायला गेला की घुमणारच.

फट सापडून बंद झाली की हवा काढायची. घाईत हेच काम बिघडतं. सोबत पुरेसं नवं ऑइल ठेवा. बहुतेक ट्रकांत ३ ते ५ लिटर लागतं, धुऊन काढायचं असेल तर त्याहून जास्त. मागच्या चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक लावा, पुढचा एक्सल जॅकने उचलून घोडीवर ठेवा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका.

जुनं ऑइल काढून टाकायचं तर रिटर्नचा पाइप टाकीवरून सोडून डब्यात घ्या, टाकीचं ते तोंड बंद करा आणि टाकीत नवं ऑइल भरा. इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी हळू फिरवा. बॉक्सचा पिस्टनच ऑइल ढकलतो आणि बरीचशी हवा इथेच निघते. रिटर्नला स्वच्छ ऑइल आलं की पाइप परत लावा. मग इंधन बंद ठेवून सेल्फ पाच-पाच सेकंद मारा, मधे थांबून टाकी भरत राहा. पातळी खाली जायची थांबेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. कोरडा व्हेन पंप इंजिनच्या वेगाने फिरवला तर व्हेन आणि कॅम रिंगवर लगेच चरे पडतात. तुमचा नवा पंप बसवताना टाकी भरून थेट स्टार्ट मारला गेला का, हे मिस्त्रींना विचारून घ्या. याचं उत्तर पुढे लागणार आहे.

इंजिन आयडलवर सुरू झालं की रेस न देता स्टिअरिंग हळूहळू दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, तिथे दाब कमाल असतो आणि ऑइल झपाट्याने तापतं. बॉक्सवर हवा काढायचा स्क्रू असेल तर आधी स्टिअरिंग काही वेळा दोन्हीकडे फिरवून सरळ करा, मग स्क्रू दोन-तीन आटे सैल करून फेसाळ ऑइल जाऊ द्या, स्वच्छ ऑइल दिसलं की आवळा. हे तीन-चार वेळा करा. स्क्रू सैल असताना स्टिअरिंग अजिबात फिरवायचं नाही, नाहीतर काढलेली हवा पुन्हा ओढली जाते. स्क्रू नसलेल्या बॉक्समध्ये हवा नुसत्या फिरवण्याने आपोआप निघते, वेळ मात्र जास्त लागतो.

फेस आलाच तर इंजिन बंद करून थांबा. बारीक बुडबुडे ऑइलमध्ये सावकाश वर येतात, फेसाळ ऑइल फिरवत राहिलात तर ते आणखी बारीक होतात. शक्य असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी पुन्हा दहा-बारा फेऱ्या द्या. मग सुरुवातीची पातळीची तपासणी परत करा. इंजिन बंद केल्यावर ऑइल १-२ सेंटीमीटरच्या आत थांबलं की हवा निघाली.

सगळे आवाज हवेचे नसतात, तेही ओळखून घ्या. स्टिअरिंग अगदी टोकाला नेल्यावर येणारा ‘स्स’ असा आवाज रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारी झडप) उघडण्याचा असतो आणि तो चालतो. चाक एक्सलच्या स्टॉप बोल्टला टेकण्याआधी, साधारण ३ मिलिमीटर अंतर असताना, बॉक्समधला मर्यादा व्हॉल्व्ह उघडून दाब सोडतो. ते बिघडलेलं असेल तर टोकाला पंप कण्हतो आणि ऑइल करपतं. पट्ट्यावरच्या पंपाची किंकाळी सैल पट्ट्याची असते. कॉम्प्रेसरमागच्या पंपाची खडखड झिजलेल्या कपलिंगची. एक्सल उचलला की आवाज आणि जडपणा दोन्ही गेले, तर किंगपिनचं (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीचं) थ्रस्ट बेअरिंग, ड्रॅगलिंकचे (बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचे) एंड यांना ग्रीस पोचतं का ते पाहा. किंगपिन जाम झालेली गाडी पंपाकडून विनाकारण जास्त दाब मागते. प्रेशरचा पाइप चेसिसला टेकला असेल तर पंपाची साधी गुणगुण केबिनमध्ये मोठी होऊन ऐकू येते, तिथे रबराची क्लिप पुरते.

यार्डातल्या फेऱ्यांबद्दल: भरलेली गाडी उभी असताना स्टिअरिंग पूर्ण फिरवणं या यंत्रणेला सगळ्यात जड जातं. गाडी किंचित पुढे-मागे सरकत असताना फिरवा. आणि फेस असतानाच स्टिअरिंग झटक्याने जड होत असेल तर ती गाडी हायवेवर काढू नका. पंपाने साथ सोडली तरी चाकं वळतात, पण भरलेल्या ट्रकात तेवढा जोर वेळेवर लागत नाही.

एवढं करूनही आवाज राहिला तरच पंपाचा निवाडा, आणि तोही गेजवर (दाब मोजायच्या मीटरवर). पंप आणि बॉक्स यांच्यामध्ये २५० बारपर्यंतचा गेज आणि त्याच्या पुढे, बॉक्सच्या बाजूला, बंद करता येणारा व्हॉल्व्ह लावा. ऑइल ५०-६० अंशांपर्यंत गरम करून आयडलवर तो व्हॉल्व्ह बंद करा, जास्तीत जास्त पाच सेकंद. पंपाच्या पाटीवरचा कमाल दाब, ट्रकांत बहुधा १०० ते १५० बारच्या मधे, जवळपास दिसला पाहिजे. नाही आला तर पंप किंवा त्यातला रिलीफ व्हॉल्व्ह कमजोर आहे. पंपाचा दाब ठीक आला, तर व्हॉल्व्ह उघडा ठेवून एक्सलच्या स्टॉपमध्ये लांब दांड्याचा लोखंडी ठोकळा धरा, बोटं दूर, आणि स्टिअरिंग त्यावर टेकवा. तेव्हा दाब कमी पडला तर ऑइल बॉक्समध्ये आतल्या आत निसटतं आहे, पंप निर्दोष.

पंपच कमजोर निघाला तर परत करण्यापूर्वी दुकानदाराच्या माणसासमोर उघडा. कॅम रिंगवर सुरुवातीपासूनचे कोरडे चरे असतील तर तो बसवतानाच खराब झाला आहे आणि वॉरंटी मिळणं कठीण. चरे नसून दाब येत नसेल, तर गेजचे आकडे आणि ऑइलचं तापमान लिहून पंपासोबत द्या.